पंखावरची फुंकर

वजनकाट्याभोवती पोल्ट्रीवाली माणसं इतकी दाटली होती की मागच्यांना रिकाम्या क्रेटवर चढावं लागलं. डाव्या जाळीतला पक्षी काट्यावर ठेवला: दोन किलो. उजव्या जाळीतला ठेवला: दोन किलो चारशे. लोकांनी आ वासला.

“एकाच खोक्यातली पिल्लं,” मुळीबाबा म्हणाला. “पस्तीस दिवस एकच खाद्य, एकच पाणी. उजवीकडं फक्त माझी मुळी, कुटून, खाद्यात मिसळून. निसर्ग म्हणजे आई. आई कधी लेकराला सुई टोचते का?”

“पिल्लांची ही लस पाण्यातून पाजतात,” मागून आत्या म्हणाली. “सुई कुठून आणलीत?”

चार जण हसले. बाबाही हसला, त्याला सराव होता.

आत्याच्या काखेत बर्फाचा डबा होता, डब्यात लसीची बाटली. भाच्याच्या शेडमधल्या तीन हजार पिल्लांचा आज चौदावा दिवस. लस आजच पोटात जायला हवी होती आणि भाचा ऐकत नव्हता. “मुळी घातली की लस चालत नाही, बाबांनी बजावलंय,” हे त्याचं पालुपद. म्हणून ती डबा घेऊनच त्याच्या मागोमाग आली होती.

शेजारणीचं शेड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. गेल्या महिन्यात शेजारणीनं मुळीच्या भरवशावर लस थांबवली. पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन माना टाकायला लागली; निम्मं शेड पोत्यांत भरून पुरावं लागलं. बाबा येऊन म्हणाला, “ताई, तुमच्या मनात किंतु होता.” आणि त्या बाईनं ते खरं मानलं. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हापासून.

“ही पिल्लं निवडली कशी रे?” तिनं भाच्याला विचारलं.

“आमच्या देखत. पहिल्याच दिवशी. बाबा एकेकाचा पंख उघडायचे, फुंकर घालायचे. मुळी ज्याला मानवेल ते उजवीकडं, न मानवेल ते डावीकडं.”

आत्यानं दोन्ही जाळ्यांकडं पाहिलं. अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या हॅचरीत तीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? पिल्लू उचल, पंख उघड, या नाहीतर त्या खोक्यात टाक.

ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली. उजव्या जाळीतला पक्षी उचलला. “तुरा बघा. मोठा, लालभडक. पाय जाड. कोंबडा.” दुसरा उचलला. “कोंबडा.” वीसच्या वीस कोंबडे. मग डावीकडं. “तुरा फिकट, पाय बारीक. कोंबडी.” तिथं वीसच्या वीस कोंबड्या.

“आपण वजनावर विकतो,” भाचा पुटपुटला. “नर-मादी बघतं कोण?”

“कुणी बघत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. या जातीच्या एका दिवसाच्या पिल्लाचा पंख उघडला की कळतं. मादीची पिसं एक लांब, एक आखूड, नराची सारखी. हॅचरीतल्या सगळ्या बायकांना येतं ते, फुंकर न घालता. आणि नर मुळातच भराभर वाढतो. त्याला मुळी घाल नाहीतर घालू नकोस.”

“श्रद्धा नसेल त्याला...” बाबानं सुरुवात केली.

“मग माझी पिल्लं कशानं मेली?”

शेजारीण होती. आवाज चढवला नव्हता तिनं. बाबानं तिच्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, आणि मुळीच्या पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

भाच्याची मान खाली होती. “आत्या, घरी जाऊन शेडमधली पाण्याची भांडी उचलायची ना?”

“उचल. दोन तास तहानू देत, म्हणजे सगळी पितील. आणि पुन्हा अकलेला असं कुलूप घालू नकोस.”

पोल्ट्रीवाल्यांनो, हळद, लसूण, पाला खाद्यात जरूर घाला. थोडाफार गुण येतही असेल. काट्यावर तोलून बघा. पण लस थांबवू नका, आणि वजन बघून तोंडात बोट घालण्याआधी एवढं विचारा की दोन्हीकडची पिल्लं निवडली कुणी आणि कशी. विचारण्यात पाप नाही. शेजारणीच्या मनात किंतु नव्हता. तो असता, तर तिची पिल्लं जगली असती.