माझे हात कापले त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. आता कुणी बसले की माझा मागचा पाय कुरकुरतो. फार थकले आहे मी. तरी ऐकणार असाल तर सांगते.

एका सुताराने मला स्वतःसाठी घडवले. माझे दोन गोल हात घासूनपुसून गुळगुळीत करायला त्याला आठवडा लागला. येणारा-जाणारा त्यांवरून हात फिरवी आणि मी आपली फुगून जाई.

सुताराची मुलगी शिवणकाम करी. वीस वर्षे मशीनवर वाकून तिच्या पाठीला बाक आला होता. चाळिशी उलटल्यावर तिने हौसेने गिटार आणली आणि घरातली चांगली खुर्ची म्हणून माझ्यावर बसून शिकू लागली. गिटार एका बाजूला माझ्या हाताला आपटे, दुसऱ्या बाजूला तिचे कोपर अडे. मग ती माझ्या कडेला सरकून, कंबर पिळून बसे. त्यात शिवणाऱ्याची खोड! टाका डोळ्यांना दिसलाच पाहिजे. म्हणून ती गिटार मांडीवर उताणी करी आणि मान खाली घालून तारा बघत बसे.

महिन्याभरात तिचा खांदा धरला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मी मनात म्हटले, नाचता येईना अंगण वाकडे. पण मित्रांनो, या खेपेला अंगणच वाकडे होते आणि ते अंगण मी होते. हे मला फार उशिरा कळले.

एके दुपारी तिने गिटार पिशवीत भरली.

"बाबा, ही देऊन टाकू या कुणालातरी. उद्या कात्री धरता आली नाही तर काय करू?"

तिचे डोळे भरून आले होते. सुतार म्हणाला, "रोज बसतेस तशी बस बघू एकदा."

ती बसली. त्याने सगळीकडून पाहिले आणि उठून करवत आणली.

"अहो बाबा, तुमची एवढी लाडकी खुर्ची!"

"खुर्ची काय, दुसरी करीन. तुझा खांदा मला करता येणार आहे का?"

माझ्या दोन्ही हातांवर करवत चालली तेव्हा फार दुखले. खोटे कशाला सांगू?

मग ती मागे सरकून ताठ बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. गिटार मांडीवर उभी राहिली, पोटाशी बिलगली.

"खांदे सोड. आणि तारांकडे बघू नकोस. हातोडी मारताना मी हातोडीकडे बघतो का?"

"चुकेल ना!"

"चुकू दे."

ती चुकली, पुष्कळ चुकली. पण खांदा हळूहळू सुटला आणि गिटार घरात राहिली.

आता सुतार नाही. पाहुणे मला मोडकी म्हणतात, माझ्यावर इस्त्रीचे कपडे टाकतात. त्याचे वाईट वाटते. तरी एक विनवणी आहे. वाजवताना, लिहिताना, शिवताना अंग दुखू लागले तर मुकाट्याने सोसू नका. आधी कशावर बसला आहात ते पाहा आणि अडत असेल ते खुशाल कापा. खुर्चीला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. तिला वाईट वाटेलच, पण ती सोसेल.