लेम्बांगच्या चढावरचा सूड

मित्रांनो, मी बांडुंग शहरातली एक जुनी, गोल तोंडाची व्हॅन आहे. माझं इंजिन पाठीमागे आहे, आणि पाठीमागून झालेला वार मी विसरत नाही.

माझा पहिला मालक यायात वारला, तेव्हापासून त्याची बायको एन्तिन मला चालवते. सगळे तिला 'तेह एन्तिन' म्हणतात, म्हणजे एन्तिनताई. रोज सकाळी ती तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि मातीचे तवे माझ्यात भरायची आणि लेम्बांगच्या थंड डोंगरावर जाऊन गरम सुराबी, म्हणजे तांदळाचे जाड घावन, विकायची. त्यावरच तिचं घर चालत होतं.

पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा माझा कार्ब्युरेटर झिजला तेव्हा तिने मला ओमानच्या गॅरेजात नेलं. ओमान यायातचा जुना दोस्त होता, पण त्याचा माझ्यावर डोळा होता. त्याने त्या एकाच्या जागी बाजारातले दोन नवे कार्ब्युरेटर मला बसवले. मला मोकळा श्वास घेता आला. मग त्याने डिस्ट्रिब्युटर सैल केला. इंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पडावी, ते त्याच्यावर ठरतं. त्याने तो हवा त्याहून कितीतरी पुढे फिरवला, नट आवळला आणि फोनवर कुणाला तरी हसत म्हणाला, "चढावर तापून तापून मरेल बघ. मग बाईच म्हणेल, घेऊन जा एकदाची."

मी सगळं ऐकलं. पण मला वाचा कुठे होती?

त्यानंतर प्रत्येक चढावर कुणी पोटात हातोडा मारावा तशी ठकठक व्हायची. मी अर्ध्या वाटेत बंद पडायचे. पीठ आंबून जायचं, गिऱ्हाईकं दुसरीकडे वळायची. ओमान मुद्दाम यायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "तेह, इंजिन गेलं म्हणून समज. यायात असता तर त्यानेही ही मलाच दिली असती." त्याच्या तोंडी यायातचं नाव ऐकलं की माझ्या टाकीतलं पेट्रोल उकळायचं.

शेवटी एन्तिनने मेकॅनिक असलेल्या आपल्या कार्ताकाकांना बोलावलं. त्यांनी इंजिन जोरात पळवलं आणि ठिणगीची वेळ दाखवणारा लुकलुकणारा दिवा फिरत्या पुलीवरच्या खुणेवर धरला.

"कार्ब्युरेटर बदलले की नुसतं जुनं माप धरून भागत नाही. इंजिन असं पळवून ठिणगीचं टायमिंग बघावं लागतं," ते म्हणाले. "पण हे तसं बघायचं राहून गेलेलं नाही, पोरी, ठिणगी फारच पुढे नेली आहे. ओमानचा हात चुकून एवढा चुकत नाही."

एन्तिन म्हणाली, "काका, नीट कसं लावायचं ते शिकवा मला. आणि त्याने बिघडवलं तसं बिघडवायचं कसं, तेही."

ती शिकली. मी पुन्हा न कण्हता चढ चढू लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

मग जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचा दिवस आला. त्या सकाळी एन्तिनने डिस्ट्रिब्युटर पुन्हा ओमानच्या जागेवर फिरवला. चढाच्या पायथ्याशी सगळे गाडीवाले जमले होते, ओमानही त्यांत होता. तिने त्याला 'कांग', म्हणजे दादा, म्हणत सर्वांदेखत विचारलं, "कांग ओमान, हिचं टायमिंग तुमचंच ना?"

"म्हणजे काय! ओमानने लावलेलं टायमिंग हलवायची कुणाची हिंमत आहे?"

"मग आज तुम्हीच चढवा हिला वर. सगळ्यांच्या पुढे."

ओमानचा चेहरा उतरला. "आज नको गं, तेह. क्लच जरा..."

"बस की, कांग!" लोक ओरडले. "स्वतःच्याच कामाला भितोस?"

तो बसला. मित्रांनो, मला भयंकर वेदना होत होत्या, पण त्या मी आनंदाने सोसल्या. मी जीव खाऊन ठकठक केली, कार्ब्युरेटरमधून आग ओकले आणि पहिल्याच वळणावर, सगळ्यांसमोर, त्याला घेऊन थांबले.

एन्तिन चालत वर आली. तिने मागचं झाकण उघडलं, लोकांना जवळ बोलावलं, मला पुन्हा सुरू केलं आणि चालू इंजिनावरच डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. मी शांत गुणगुणू लागले.

"दिसलं सगळ्यांना?" ती म्हणाली. "एवढंच करायचं होतं. माझ्या पोटावर पाय द्यायला यांनी मुद्दाम तेच उलटं केलं."

एक म्हातारा म्हणाला, "ओमान, उद्या माझी गाडी घेऊन जातो तुझ्या गॅरेजातून." मग दुसरा तेच म्हणाला. ओमान चढ उतरून एकटाच चालत गेला. त्याला कुणी गाडीत घेतलं नाही.

पण त्या दिवशी माझा एक पिस्टन भाजला. टायमिंग बरोबर असूनही बारीक ठकठक उरली आहे. कार्ताकाका चिडले, "त्याच्यापायी हिला का जाळलंस?"

"त्याचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं मला, काका."

मलाही बघायचं होतं.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना जपा. आमची ठिणगी वेळेवर पडू द्या. आपला सूड आमच्या इंजिनातून उगवू नका, असंही मी म्हणायला हवं. पण खोटं कशाला बोलू? ओमान अजूनही रस्त्यात दिसला, की मी सगळा धूर त्याच्याच तोंडावर सोडते.