माळकऱ्याच्या पेटीतली वाम

या, असे जवळ सरकून बसा. लांब भिंतीला टेकून बसलं की अर्धी गोष्ट भिंतच ऐकते. आज पनवेलच्या कोळीवाड्यातली एक कथा सांगतो. तिच्यात देव थोडा आहे, मासे पुष्कळ आहेत, आणि एक सासू आहे.

मुंबईला चौपाटीच्या बाजूला माशांचं मोठं काचघर उघडलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिकत. काळूराम ते बघून आला आणि त्याला दुसरं काही सुचेना. काळूराम जन्माचा कोळी, पण तिशीतच त्याला कीर्तनाचा नाद लागला होता. गळ्यात तुळशीची माळ घातली, मासा सुटला. होडी भावाच्या हवाली केली आणि हा बाजारातल्या तसबिरींच्या दुकानात काच कापायला राहिला. दिवसभर देवांना चौकटीत बसवायचं आणि संध्याकाळी विठोबाच्या देवळात पुढच्या रांगेत जाऊन बसायचं, असा त्याचा क्रम.

पण कोळ्याचाच हात तो. मासा ताटातून गेला तरी मनातून जाईना. तेव्हा त्यानं दुकानातल्या उरल्यासुरल्या काचा जोडल्या, कडांना पत्रा ठोकला, सांध्यांत तेल-खडूची लांबी भरली आणि ओटीवर पाण्याची पेटी उभी केली. पहिले काही दिवस ती इतकी गळायची की मैनेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, खाली परातच मांडून ठेवली होती. पुढं लांबी बसली, गळती थांबली. गाढी नदीतले चंदेरी बारके मासे आले, मिशाळ शिंगटी आली, आणि शेवटी आली वाम.

वाम म्हणजे हातभर लांब, सापासारखी सळसळणारी, पाठीवर ठिपके, तोंडाला सोंडेसारखं टोक. इतर मासे पेटीभर मिरवत, ही मात्र कोपऱ्यातल्या वाळूत सगळं अंग पुरून घ्यायची आणि नाकाचं टोक तेवढं वर ठेवायची. कीर्तनात खांबाला टेकून बसलेले म्हातारे असतात ना, घोरतात असं वाटतं आणि बुवांचा एक शब्द घसरला की डोळा उघडतात, तशी. घरात आल्या आल्या काळूराम आधी ते नाक बघे, मग पाय धुई.

वामेला खायला गांडूळ लागे. माळकऱ्यानं जीव मारायचा कसा, म्हणून काळूराम दोन दिवस विचारात पडला. मैनाच शेवटी परसात जाऊन गांडूळ खणून घेऊन आली.

"माळ तुमच्या गल्यात हाय," ती म्हणाली, "वामेच्या नाय."

शेजारचा दादू ओटीवरून बघत होता. "लोक मासा धरून खातात," तो म्हणाला, "आमचा काळूराम धरून पोसतो."

अशा घरात काळूरामची सासू आली. भीमाबाई उरणजवळच्या मोऱ्याची, डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी. सासूला काळूराम मामी म्हणे, आणि ती त्याला नुसतं काळू. या बाईचा त्याच्यावर एक उपकार होता. त्यानं माळ घातली तेव्हा सारा कोळीवाडा हसला, सख्खा भाऊसुद्धा. भीमाबाई हसली नाही. ती नवं पितळेचं पातेलं आणि डाव घेऊन आली आणि फळीवर ठेवून म्हणाली, "हे तुजं येगळं. यात मासली शिजायची नाय." तेव्हापासून ती आली की अंघोळ करून आधी त्याची वालाची उसळ शिजवायची आणि मगच आपली टोपली उघडायची.

या खेपेला ती दाजीबुवांच्या कीर्तनासाठी आली होती. पहिल्या दिवशी बुवांनी खांबातून प्रकटलेल्या देवाचं आख्यान लावलं. 'दिसत नाही म्हणून नाही म्हणू नका रे,' असं बुवा म्हणाले आणि काळूराम उपरण्यात तोंड घालून घळाघळा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नदीची वाळू धुऊन आणली आणि पेटीत चांगली दोन बोटं जाड थर दिला. वर फळी ठेवली, फळीवर दगड. भीमाबाई ओटीवर दात घासत होती.

"काळू, वाम गलेलठ्ठ झाली रे," ती म्हणाली. "दोन येलचं कालवन व्हईल."

सगळे हसले. काळूराम हसत दुकानी गेला.

दुपारी जेवायला परतला तो उंबऱ्यातच कालवणाचा वास आला. त्यानं सवयीनं पेटीत पाहिलं. कोपऱ्यात नाक नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यातही नव्हतं. उडी मारून गेली म्हणावं, तर फळी जागेवर, दगड जागेवर. तरी त्यानं ओटी खालून-वरून शोधली.

"डोल्यांना कशाला तरास देतोस?" दादू आपल्या ओटीवरून म्हणाला. "नाकाला इचार."

काळूराम स्वयंपाकघरात गेला. माळ घातल्यापासून ज्या टोपाकडं त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचं झाकण काढलं आणि आत डाव फिरवला. गोल गोल तुकडे वर आले. वामेचेच.

"काय शोधताव, जावईबुवा?"

मागं दारात भीमाबाई उभी होती. तिनं त्याला आजवर कधी जावईबुवा म्हटलं नव्हतं, अहोजाहो केलं नव्हतं.

"काय नाय, मामी."

"पेटीत वाम नाय, म्हनून टोपात बघताव. ही दर्याची वाम हाय. काल मोऱ्यावरनं माज्या टोपलीत आली."

"हो, मामी," काळूराम म्हणाला. पण डोळे टोपातच होते.

भीमाबाईनं दोरीवरचं लुगडं ओढलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. तेवढ्यात मैना पाण्याची कळशी घेऊन आली.

"आये, कुटं?"

"उरनची यष्टी हाय आता."

"आन् बुवांचं कीर्तन?"

"देव मोऱ्यालाबी हाय."

मैनेनं उघडा टोप पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. "माज्या आयेला चोर बोल्लाव तुमी?"

"मी कुटं बोल्लो?"

"टोपात बघितलंव ना? मंग बोलायचं काय रायलं? ती गेली तर मीबी तिच्या मागं."

काळूरामची नजर फळीवरच्या पितळेच्या पातेल्यावर गेली आणि तो आडवा होऊन दारात उभा राहिला. "मामी, चुकलो. ऱ्हावा."

भीमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "तोंड चुकलो बोलतंय, मन नाय बोलत. मी गेल्यावर तुमी रोज त्या पेटीत बघशाल आन् रोज माजी आठवन काढशाल. तसली आठवन मना नको." तिनं गाठोडं उंबऱ्यावर टाकलं आणि कोपरापर्यंत बांगड्या वर सारल्या. "आमच्या बापाच्या घरात खरं-खोटं पान्यात हात घालून बोलायचं. खोटं निघालं तर दर्या ठेवीत नाय."

"मावशी, हितं कुटला दर्या?" दादूनं विचारलं.

"हाय तेवढा पुरं."

ती त्याला सारून ओटीवर पेटीपाशी आली, दगड उतरवला, फळी बाजूला केली आणि हात पेटीत घातला तो थेट तळाच्या वाळूत रुतवला. "या पान्याची आन घेऊन सांगतंय, मी—"

पुढचे शब्द राहूनच गेले. तिच्या बोटांखालची वाळू फुगली, पाणी गढूळ झालं आणि वाम सणकन वर आली ती काठावरून उडून ओटीवर पडली. दादू आपल्या ओटीवरच्या बाकावर चढला आणि साप साप म्हणत राहिला. काळूराम वाकला, ती हातातून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"राख आनू पकडायला?" मैनेनं विचारलं.

"राख कापायला लागते," भीमाबाई म्हणाली. "सरा सगली."

तिनं दोन्ही तळवे पाण्यात भिजवले आणि बाळंतिणीजवळचं तान्हं उचलावं तशी वाम ओंजळीत उचलून पाण्यात सोडली. आयुष्यभर वाम कापलेले हात ते. वामेनं क्षणभर पेटीभर घिरट्या घातल्या, मग आपल्या कोपऱ्यात शिरली, आणि थोड्या वेळानं वाळूतून नाकाचं टोक वर आलं.

पहिली हसली ती मैना.

"काळू," भीमाबाई म्हणाली, आणि जावईबुवांचा पुन्हा काळू झाला, "काल बुवा बोल्ले खांबात देव हाय, तर तुला रडू आवरंना. आन् आज वालूत वाम आसंल, इतकं नाय रे वाटलं तुला?"

काळूराम उंबऱ्याकडं वळला. उंबऱ्यावरचं गाठोडं उचलून त्यानं आत खुंटीला लावलं. पाट मांडला, ताट घेतलं, उघड्या टोपात डाव घातला.

"आरं, तुजी माळ," भीमाबाई म्हणाली.

"झाकन मीच काढलं होतं, मामी. वाढनारबी मीच."

आणि त्या माळकऱ्यानं सासूला वामेचं कालवण आपल्या हातानं वाढलं, वरून भाकरीचा आग्रह केला. मग अंघोळ केली आणि आपली वालाची उसळ घेऊन तिच्या पंक्तीला बसला. दादूलाही बाकावरून उतरवून एक ताट दिलं.

संध्याकाळी सगळे मिळून कीर्तनाला गेले. काळूराम पुढच्या रांगेत बसला होता, पण मधेच त्यानं मागं वळून पाहिलं. बायकांच्या बाजूला भीमाबाई खांबाला टेकून, डोक्यावरून पदर ओढून बसली होती. पदरातून नाकाचं टोक तेवढं बाहेर.

एवढीच कथा. आता माझं एक ऐका. तुमचं लाडकं काही जागेवर दिसलं नाही आणि हात दुसऱ्याच्या टोपाच्या झाकणाकडं जाऊ लागला, तर पळभर थांबा आणि मोऱ्याच्या भीमाबाईची आठवण काढा. चांगली आठवण. तिला तीच हवी होती.