मोकळा ठेवलेला हात

आश्विनातले तांबूस ऊन कलले होते, आणि जयगडपासून बावन्न मैलांवरच्या त्या अस्वस्थ पाण्यावर एवढेच होते: जहाजे ओढणारी एक टगबोट, तिच्यावर आठ माणसे, पोलादी दोर, सहाशे मीटर, दोराच्या दुसऱ्या टोकाला मालवाहू जहाज 'पद्मरेखा', लांबी एकशे एकतीस मीटर, नांगर दोन, माणसे शून्य. जहाज किती बुडते आहे ते टगवरून कळावे म्हणून त्याच्या पुढच्या टोकावर पांढरे पट्टे ओढले होते. सकाळी पाच दिसत होते. आता तीन.

लाट चढे, लाट उतरे. दोर ताठे, दोर सैलावे. टगच्या पिछाडीला उभा राहून सारंग याकूब सोलकर पट्टे मोजी आणि पुन्हा मोजी, जणू मोजण्याने एखादा वाढेल.

चौदा वर्षे तो पद्मरेखेवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. आता ती भंगाराच्या किनाऱ्याकडे निघाली होती, निर्दीप, निःशब्द, निर्मनुष्य. आणि तिला मिटवून पाठवण्याचे काम त्याच्याच वाट्याला आले होते. दारे मिटली, झाकणे मिटली, वर्तुळाकार खिडक्यांचे डोळे मिटले. नांगराची साखळी जिथून जहाजाच्या पोटात उतरते, ती नळी तेवढी त्याने सिमेंटने भरली नाही. वाटेत दोर तुटला तर बिचारीला नांगर टाकता यावा, तिचा एक हात मोकळा असावा. तो नांगर टाकायला जहाजावर कोणीच नसेल, हे चौदा वर्षांच्या सवयीला सुचलेच नाही.

कप्तान मेढेकरबाई वरून झरझर खाली आल्या. "मधल्या कोठाराचा पत्रा फाटला असणार. तांडेल, एकाला घे, पंप घे. जा."

याकूबच्या हाताखालचा तांडेल जाकीट चढवताना हसला. "मामा, भंडाऱ्यानं आज परत दुधी केलाय. मी नाही आलो तर माझा वाटा तुम्हाला. तेवढंच माझं सुख."

एरवी याकूबने शिवी हासडली असती. आज तो पट्टेच मोजत राहिला.

रबरी होडी पाण्याला टेकली. लाट आली, फेनशुभ्र, रुंदखांद्याची. पद्मरेखेच्या माथ्यावरून गेली आणि सगळी परतली नाही. पट्टे दोन. कुठे गेली ती लाट, हे आठांपैकी एकालाच ठाऊक होते.

"मॅडम, होडी थांबवा!" याकूब ओरडला. "पत्रा शाबूत आहे. पाणी साखळीच्या नळीतून शिरतंय. मी ती भरली नव्हती."

"भरली म्हणून तुमची सही आहे, सारंगमामा."

"आहे. खोटी आहे."

तांडेलने जाकीट उतरवले. याकूबकडे पाहिले नाही.

"पंपानं आवरेल?" बाईंनी विचारले.

"नाही. पोरं आत असतानाच ती डोकं टाकील."

दोर आता दूर जात नव्हता, खाली जात होता. त्याच्याबरोबर टगची पिछाडी वाकत होती, आणि लाटा पायांना लागू लागल्या होत्या.

"कापा," बाई म्हणाल्या.

"मीच कापतो."

निळी ज्योत पेटली. पोलाद आधी लाल झाले, मग केशरी, मग पांढरे. पीळ सुटत गेला, धागा धागा, तंतू तंतू. याकूबचे डोळे ज्योतीवर होते, पद्मरेखेवर नव्हते. शेवटचा तंतू कडाडला, टग उसळली, आठजण जिथल्या तिथे कोसळले आणि आठहीजण उठले.

ती वाकली. सावकाश, सुजाणपणे, पाण्याला काही विचारावे तशी. तिचे पुढचे टोक तळाच्या चिखलात रुतले आणि मागचे वर राहिले, गंजाने अरुणवर्ण, उन्हाने सुवर्णवर्ण, थिजलेल्या पंख्यावरून पाणी निथळत. समुद्र तिच्याहून उथळ होता.

याकूबने टोपी काढली. बाईंनी घड्याळ पाहून नोंद केली.

खोली अठ्ठ्याऐंशी मीटर. उभी राहिली सव्वाअकरा मिनिटे.