गोचिडाचे डाग

गोचिडंच चावलीत, असं मी म्हणले, आत्याबाई म्हणल्या, धनी सोता म्हणले. मेंढरात झोपणाऱ्या माणसाच्या पायावर लाल डाग दिसले तर आणिक काय म्हणायचं? तंबाखूच्या पाण्यानं मी मेंढरं घासली, धन्याच्या नडग्याबी घासल्या. डाग काय हटंनात. "आग लागो त्या घोंगड्याला, घरात झोपा की!" म्हणून रोज भांडले.

मग खोकल्यातून रगत पडलं. गावभर धन्याच्या नावाचा बोभाटा, येडबाला टीबी झाला. आत्याबाईनं पोटच्या लेकाचं ताट-गिलास येगळं काढलं, खाट गोठ्यात टाकली. टीबीच्या सुया सुरू झाल्या. अन् आमचे धनी! मी जवळ गेले की तोंड फिरवायचे, "लांब हो" म्हणायचे. असा राग यायचा मला!

दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या साली, एका सकाळी त्यांचा दमच कोंडला. व्हट निळे पडले. जीप करून परभणीला नेलं. चारठाण्यापासून वाटभर मी वरडायले, "दम घ्या, घ्या की वो!" ते नुसते डोळे फाडून बघायले.

दवाखान्यात डाक्टर फोटो बघून म्हणले, दोन्ही फुप्फुसं भरलीत, पण थुंकीत टीबी सापडत नाही. धनी पाय झाडायले. मी पायावर घोंगडी वढायला गेले तर डाक्टरनं हात धरला.

"पायाला काय झालंय?"

"गोचिडं चावलीत. पाय काय बघता साहेब, छाती बघा! माणूस चाललाय माझा!"

त्यांनी डाग अंगठ्यानं दाबला. पुसट होईना. "लघवी लाल होते?"

"उन्हानं होती की."

डाक्टर नर्सवर वरडले. नाकाला नळी लागली, सुई टोचली. मग म्हणले, "बाई, हा टीबी नाही. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच उलटलीय. स्वतःच्याच रक्ताच्या नसा सुजवून फोडतेय. पायातल्या, छातीतल्यासुद्धा."

"म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढरात घुसलं?"

"तसंच. त्याला बांधायचं औषध दिलंय. वाचतील का, आत्ता नाही सांगता येत."

बसवंना, उभं ऱ्हावंना. व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. छाती हालायली का, ते दारातून परत परत बघायचं. लय भ्याले मी.

चार-सहा दिसांनी नळी निघाली. मी वाकले तर धन्यानं सवयीनं तोंड फिरवलं. "लांब हो."

मी हनवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. "फुंका माझ्या तोंडावर."

"येडी झालीस?"

"फुंका म्हन्ते ना!"

त्यांनी फुंकलं. लय दिसांनी त्यांचा दम माझ्या तोंडावर आला. मी तिथंच मोठ्यानं रडले.