बटणांचं मशीन

"टच वाली ले लीजिए, अंकल. आजकल सब यही ले रहे हैं," म्हणत बँकेच्या माणसाने गल्ल्यावर दोन कार्ड मशिनं ठेवली. एक नुसत्या काचेचं, चकचकीत. दुसरं जाडजूड, बटणांचं.

कान्होजींनी हात आधी बटणांवर ठेवला. मधल्या पाचावर बारीकसा उंचवटा होता. तो बोटाला लागला आणि त्यांच्या जिवात जीव आला. पाच सापडला की बाकीचे आकडे आपसूक सापडतात.

"हेच राहू दे."

"बाबा, ही तर पुरानी झाली ना," सून शिखा म्हणाली. ती गादीच्या उजवीकडे, रोजच्या जागी, फेट्यांच्या घड्या घालत होती. "तुम्ही पण ना, हर बात में अडून बसता."

अडून बसायला कारण होतं. काचबिंदू कडेकडून नजर खात आला होता, आता समोरचंही धुरकट झालं होतं. हे डॉक्टरला ठाऊक आणि कान्होजींना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. लष्कर नावाच्या बाजारपेठेतल्या या दुकानात शिंदेशाही पगडी बांधायला हात पुरतात, पण गल्ल्यावर बसायला डोळे लागतात. नोटा निदान हाताला कळत. आणि गल्ला सुटलेला माणूस घरातल्या खाटेवर जातो, हे त्यांनी वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या खाटेची त्यांना मरणाहून धास्ती होती.

"एक बार ट्रायल तो कीजिए. दो सौ डालिए," म्हणत माणसाने काचेचं मशीन त्यांच्या हातात दिलं.

कान्होजींचं बोट काचेवर फिरलं. वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. उंचवटा कुठेच नव्हता.

"अंकल, उल्टी पकड़ी है आपने."

घड्यांची सळसळ थांबली. शिखा आपल्याकडे बघते आहे, हे कान्होजींना न बघताच कळलं. सांडलेल्या चहावरून, उंबऱ्याशी लागलेल्या ठेचांवरून ती किती चिडायची. आता तिने काचेचं मशीन त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"भैया, बटनवाली ही दे दो," ती म्हणाली.

हवं ते पदरात पडलं, आणि कान्होजींना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

मशीन चालू झालं त्या दिवशी सकाळीच एक गिऱ्हाईक मुलाच्या लग्नाची पगडी न्यायला आलं. कान्होजींनी पाचावरून बोट सरकवत रक्कम घातली. एकही आकडा चुकला नाही. पावती निघाली, गिऱ्हाईक गेलं. बोहनीची नोट कपाळाला लावायची त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी मशीनच उचलून कपाळाला लावलं. शिखाने सगळं ओळखूनही त्यांची मूठ झाकलेलीच ठेवली होती.

"शिखा, आजपासून गल्ल्यावर तू बस," ते म्हणाले. "मी आत पगड्या बांधीन." आणि मशीन त्यांनी उजवीकडे, तिच्या रोजच्या जागेकडे पुढे केलं.

शिखा डावीकडे दाराशी उभी होती. चपला काढून, पाय न वाजवता ती त्यांच्या मागून गेली, उजवीकडे आपल्या जागेवर बसली, आणि तिथून तिने दोन्ही हात पुढे केले.