अठ्ठेचाळीस आता येणारच!

मी एक जुनी लाकडी गोटी आहे. माझ्या अंगावर अठ्ठेचाळीस हा आकडा कोरलेला आहे. नेपल्सच्या सोडतीत आम्ही नव्वद जणी आहोत. दर शनिवारी आम्हाला पिंपात घालून गरागरा फिरवतात आणि डोळे बांधलेला माणूस पाच जणींना बाहेर काढतो. मित्रांनो, निवांतपणा म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. आत्ताही माझे डोके भणभणते आहे.

ज्या सुताराने मला घडवले, तो आम्हा सगळ्यांचे वजन सारखे भरेपर्यंत तासत बसला होता. त्या सारखेपणाचा मला फार अभिमान वाटे. पण नेपल्सच्या लोकांना आम्ही सारख्या वाटतच नाही. इथे प्रत्येक स्वप्नाचा आकडा ठरलेला असतो. माझ्या वाट्याला आला तो 'बोलणारा मेलेला माणूस'. कुणाचा मेलेला आजा स्वप्नात येऊन बोलला, की सगळे घर माझ्यावर पैसे लावते. मी निघाले की बायका माझ्याकडे बघून मुके फेकत, नाही निघाले की शिव्या घालत. त्या शिव्या तुम्हाला सांगण्यासारख्या नाहीत.

पुढे कितीतरी महिने मी निघालेच नाही. मग लोकांना वेडच लागले. जो तो म्हणे, "अठ्ठेचाळीस तुंबलाय, आता येणारच!" अहो, पिंपात पडल्यावर माझा नंबर आधी लागायला ती काय नळावरची रांग आहे? दर शनिवारी आम्हा नव्वद जणींना सारखीच संधी असते. बांधलेल्या डोळ्यांना मागचा शनिवार दिसत नाही.

एका शनिवारी सोडत बघायला जमलेल्या गर्दीत नुन्झियाता उभी होती. ती विधवा शिवणकाम करून पोट भरायची.

"मावशी, मशीन विकलंस म्हणे?" तोतोन्नो मासेवाल्याने विचारले. "आता शिवणार काय, कपाळ?"

"गप रे! माझा नवरा पास्क्वाले स्वप्नात येऊन बोलला माझ्याशी. जिवंतपणी तोंडातून शब्द फुटायचा नाही त्याच्या! वर आकडा तुंबलेला. आणखी काय पाहिजे?"

मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला आवाज कुठला? पिंप फिरले. पाचव्या, शेवटच्या वेळी हात माझ्या अगदी जवळून गेला आणि त्याने शेजारणीला उचलले. नुन्झियाता मटकन खाली बसली.

पुढच्याच शनिवारी मी निघाले. लावायला तिच्याकडे काहीच उरले नव्हते, तरी ती आली होती. मला वाटले, आता तरी तिचे डोळे उघडतील.

"हा मेला माझा नवरा!" ती रडता रडता हसत सुटली. "जेवायला उशीर, लग्नाला उशीर, आणि मेल्यावरही उशीरच! पण आकडा खरा सांगितलान की नाही?"

सगळे हसले. कुणीतरी टाळी दिली. मी हुकले तेव्हा तिचे मशीन गेले, पण मी निघाले आणि तिची अक्कलच गेली.

मित्रांनो, माझा जप करू नका, मला कौल विचारू नका. आज पुन्हा शनिवार आहे. नुन्झियाता पैसे लावायच्या खिडकीपाशी उभी राहून बोटातली लग्नाची अंगठी ओढते आहे. अंगठी घट्ट आहे, म्हणून ती बोटाला थुंकी लावते आहे. पिंप आता फिरणारच आहे. कुणीतरी तिचा हात धरा हो!